‘बंद करून चालू केला, ओके’

चाकणच्या एका शेडमध्ये असेंब्ली लाइनच्या शेवटी टेस्ट स्टँड आहे. त्याच्या बाजूच्या रॅकवर ब्रेकडाउन रजिस्टर असतं, सुतळीने पेन बांधलेलं, पानापानांवर ग्रीसचे अंगठे. गेल्या पावसाळ्यात त्या रजिस्टरची सहा आठवड्यांची पानं मी बसून वाचली. एका मंगळवारी हायड्रॉलिक सिलिंडरच्या सीलमधून तेल झिरपलं होतं. त्या एका नोंदीला दीड पान दिलेलं. सीलचा बॅच नंबर, रॉडवर ओरखडा होता का, तो कशाने आला, वायपर शेवटचा कधी बदलला, पाच वेळा ‘का?’ विचारून लिहिलेली पाच उत्तरं, खाली मेंटेनन्सची आणि क्वालिटीची सही. त्याच आठवड्यात, त्याच स्टँडवर, गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे तिच्यातल्या कंट्रोल कॉम्प्युटरशी, बोलणारा कंट्रोल बॉक्स तीनदा गोठला होता. तिन्ही नोंदी एकेका ओळीच्या: ‘बॉक्स हँग. बंद करून चालू केला. ओके.’ सहा आठवड्यांत अशा अकरा ओळी होत्या आणि सही एकाही ओळीखाली नव्हती.

त्या अकरा ओळींत काहीही गैर नाही, असं मानणाऱ्या मताला मला उत्तर द्यायचं आहे.

गेल्या महिन्यात भोसरीत एम्बेडेड क्षेत्रातली आम्ही वीस-पंचवीस माणसं जमलो होतो. तिथे एका ज्येष्ठ अभियंत्यांनी हे मत ठामपणे मांडलं. त्यांचं नाव घेत नाही. भांडण त्यांच्याशी नाही, आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब कसा धरायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ते म्हणाले, आपल्याकडच्या बोर्डांना कर्नल डिबगर (चालतं सॉफ्टवेअर थांबवून आत पाहायचं साधन) लावून बसणं ही वेळेची चैन आहे. कर्नल कोसळला तर वॉचडॉग, म्हणजे गोठलेलं यंत्र आपोआप रीसेट करणारा टायमर, त्याला उठवतो, लाइन चालू राहते, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. कारण शोधायचंच असेल तर कोड वाचा, चार प्रिंट टाका, म्हणजे कोड कुठवर पोचला ते सांगणाऱ्या ओळी. ज्यांनी लिनक्स लिहिलं त्या लिनस टॉरवाल्ड्सनाच डिबगर आवडत नाही, तर आपण कोण? आणि शेवटी, कर्नल हे आपलं काम नाही. ते चिप विकणाऱ्यांचं, बंगळुरूचं, जर्मनीचं. बऱ्याच माना डोलल्या. मला बोलायचं होतं, पण हॉलची वेळ संपली होती. तेव्हा राहून गेलेलं उत्तर आता सविस्तर देते.

कर्नल म्हणजे यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रामांचा मुकादम. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, कुठल्या वायरीवरून आलेला संदेश कुणाकडे पोचवायचा, हे सगळं तो ठरवतो. एखादा साधा प्रोग्राम मेला तर मुकादम त्याची जागा साफ करतो, काय झालं ते लॉगमध्ये लिहून ठेवतो आणि बाकीचं काम चालू राहतं. पण मुकादमच कोसळला तर लिहिणार कोण? डिस्कवर लिहायला फाइल सिस्टम लागते, ती कर्नलमध्येच असते. नेटवर्कवरून कळवायचं तर नेटवर्कही कर्नलमध्येच. म्हणून कोसळलेल्या कर्नलची चौकशी त्याच यंत्रावर बसून नीट होत नाही. त्यासाठी बाहेर दुसरं, शाबूत यंत्र लागतं. रिमोट डिबगरमधला ‘रिमोट’ एवढ्यासाठी आहे. चिंचवडहून निघून चाकणला जाताना तळेगाव चौकातल्या कोंडीत तासभर अडकायचं वाचतं, हा वरचा फायदा. आम्ही शेडमधल्या एका छोट्या कॉम्प्युटरला केबल जोडून ठेवली आहे आणि ऑफिसातून त्यावर बसतो.

जोडणी अगदी साधी आहे. बोर्डावरच्या तीन पिना: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, त्यावर जीडीबी हा डिबगर. बोर्डाच्या कर्नलमध्ये केजीडीबी नावाचा छोटा भाग असतो. कर्नल ठेचकाळला की हा भाग आधी बाकीच्या कोअरना जागच्या जागी थांबवतो, इंटरप्ट बंद ठेवतो आणि सीरियल पोर्टवर एकेक अक्षर स्वतः वाचत बसतो. बोलणं ठरलेल्या पाकिटांत चालतं. सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश, त्यापुढे अक्षरांच्या बेरजेचे दोन अंक. बेरीज जुळली की पलीकडून अधिकचं चिन्ह येतं. लॅपटॉपने ‘जी’ एवढं एक अक्षर पाकिटात घालून पाठवलं की बोर्ड आपल्या सगळ्या रजिस्टरांतले आकडे परत पाठवतो. एखाद्या ओळीवर थांबायचं असेल तर तिथली मूळ सूचना काढून सापळ्याची सूचना ठेवली जाते. इंटेलच्या प्रोसेसरवर तो सापळा एका बाइटचा असतो. यातलं काहीच गूढ नाही. आयटीआय झालेल्या मुलाला दोन दिवसांत शिकवता येतं, मी शिकवलं आहे.

आता टॉरवाल्ड्स यांच्या मताकडे वळू, कारण बैठकीत सगळ्यांत जास्त वजन त्यालाच मिळालं. मत खरं आहे. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी कर्नल विकासकांच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं होतं की त्यांना डिबगर आवडत नाहीत. हाताशी डिबगर नसला की माणूस सावध होतो, बदल करण्याआधी विचार करतो आणि दिसलेल्या लक्षणावर ठिगळ लावण्याऐवजी मुळाकडे जातो, असा त्यांचा रोख होता. या विचाराचा मी आदर करते. डिबगरमध्ये शून्य पत्ता दिसला की तिथे ‘शून्य असेल तर परत फिर’ अशी ओळ टाकून मोकळी होणारी मुलं मीही पाहिली आहेत. ती दुरुस्ती नसते. साप साप म्हणून भुई धोपटणं असतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच टॉरवाल्ड्स यांच्या कर्नलमध्ये, जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ आवृत्तीत, केजीडीबी अधिकृतपणे दाखल झाला. आज कर्नलचा सोर्स उघडा. ‘कर्नल’ फोल्डरात ‘डिबग’ फोल्डर आहे, त्यात ‘डिबग कोर’ ही फाइल. तिच्या डोक्यावरच्या हक्कांच्या ओळी वाचा. २०००–२००१, व्हेरिटास सॉफ्टवेअर. २००३–२००४, अमित एस. काळे. २००४–२००६, लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज. ही लिनसिससॉफ्ट पुण्याची. केजीडीबीला मुख्य कर्नलचे दरवाजे बंद होते, तेव्हाची कित्येक वर्षं तो वेगळा पॅच म्हणून जिवंत राहिला. दर नव्या आवृत्तीला तो पुन्हा बसवावा लागे, आणि ते काम करणाऱ्यांत पुण्यातली माणसं आघाडीवर होती. पुढे टॉम रिनी, विंड रिव्हरचे जेसन वेसल आणि इतरांनी तो आणखी घासूनपुसून आत नेला. ‘कर्नल हे आपलं काम नाही’ असं भोसरीत बसून म्हणायचं असेल, तर ही फाइल आधी वाचायला हवी. जगातला कुठलाही अभियंता केजीडीबी लावून लिनक्सचा कोसळलेला कर्नल दुसऱ्या यंत्रावरून उघडतो, तेव्हा भोसरीपासून तासाभराच्या अंतरावर झालेलं काम वापरत असतो.

प्रिंटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बोलायला सोपा आहे आणि त्याने प्रत्यक्ष नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

वर सांगितलेला बॉक्स दर गाडीमागे एकदा कॅन चॅनल (गाडीतल्या कंट्रोलरांच्या आपसातल्या बोलण्याची वाट) उघडतो, ईसीयूला चार प्रश्न विचारतो आणि चॅनल बंद करतो. जुन्या बॉक्समध्ये एका कोअरचा प्रोसेसर होता. तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग नवा बोर्ड आला, दोन कोअरचा. सॉफ्टवेअर तेच. आणि गोठणं सुरू झालं, काही शे गाड्यांमागे एकदा. कोड आम्ही तिघांनी वाचला. बंद करण्याचं फंक्शन जेमतेम वीस ओळींचं आहे: टायमर रद्द कर, मेमरी सोड, कंट्रोलर झोपव, परत जा. तिघांनाही त्यात खोट दिसली नाही. म्हणून ज्येष्ठ सांगतात तेच केलं. टायमर रद्द केल्यावर एक प्रिंट, मेमरी सोडल्यावर दुसरी. चार दिवस बॉक्स एकदाही गोठला नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ‘दुरुस्त’ म्हणून आवृत्ती निघाली, आणि प्रिंट काढायच्या राहून गेल्या.

दोन महिन्यांनी कुणीतरी तक्रार केली की कन्सोलवर फार कचरा येतो. लॉगची पातळी एक पायरी खाली आणली गेली. त्याच रात्री, तिसऱ्या शिफ्टला, बॉक्स गोठला.

इथे थोडा हिशेब करू. सीरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर चालतो. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात, आणि आमच्या बोर्डावरच्या कर्नलमध्ये ती ओळ संपेपर्यंत तो कोअर तिथेच उभा राहतो. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ७ मिलिसेकंद म्हणजे ७० लाख ठोके. ज्या दोन घटनांची टक्कर आम्ही शोधत होतो, त्यांच्यामध्ये आम्हीच ७० लाख ठोक्यांची भिंत बांधली होती. टक्कर होणारच नव्हती. आमची प्रिंट कारण दाखवत नव्हती. तीच दुरुस्ती करत होती, आणि हे आम्हाला कळलंच नव्हतं. लॉगची पातळी खाली आली, ओळ सीरियलवर जायची थांबली, भिंत पडली.

मग बाकावर दुसरा बॉक्स मांडला. चॅनल उघड-बंद करत राहणारी एक स्क्रिप्ट लावली. वॉचडॉग बंद केला, नाहीतर आपण डिबगरमध्ये विचार करत बसलेलो असताना तो यंत्रच रीसेट करून टाकतो आणि पुरावा जातो. नवशिक्यांची पहिली रात्र हमखास यातच वाया जाते. कर्नलला सांगितलं की सोडलेली प्रत्येक मेमरी ठरलेल्या खुणेने भरून टाक. लिनक्समध्ये ही खूण ‘६बी’ असते. रिजेक्ट पार्टवर लाल रंगाचा फराटा मारतात ना, तसंच हे. पार्ट पुन्हा लाइनवर आला तर रंगावरून ओळखू येतो. केबल लावली, जीडीबी जोडला आणि वाट पाहत बसले. कँटीन बंद झालं, बाहेर कंपनीच्या बसेस येऊन गेल्या.

पहाटे तीनच्या आधी तो थांबला. पहिला कोअर टायमरच्या फंक्शनमध्ये होता आणि ज्या पत्त्यावर तो जाऊ पाहत होता तो होता ६बी६बी६बी६बी. म्हणजे लाल रंगाचा पार्ट लाइनवर आला होता. मेमरी सोडलेली होती आणि टायमर अजून तीच वापरत होता. पण टायमर तर रद्द केला होता! मी दुसऱ्या कोअरकडे वळले. केजीडीबीने त्याला त्याच क्षणी थांबवून ठेवलं होतं, म्हणून हे शक्य झालं. त्याच्या कॉलचा माग काढला. तो आमच्या बंद करण्याच्या फंक्शनमध्येच उभा होता, मेमरी सोडून चार ओळी पुढे, कंट्रोलर झोपायची वाट पाहत. दोघेही एकाच खोलीत सापडले.

कारण एका नावात होतं. टायमर रद्द करायला आमच्या कोडमध्ये ‘डेल टायमर’ हे फंक्शन वापरलं होतं. ते टायमर रांगेतून काढतं, पण तो त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर त्याच्या संपण्याची वाट पाहत नाही. वाट पाहणारं फंक्शन वेगळं आहे, त्याच्या नावात शेवटी ‘सिंक’ आहे. एका कोअरच्या बोर्डावर फरक पडत नव्हता, कारण एकच कोअर एका वेळी टायमरही चालवेल आणि चॅनलही बंद करेल हे शक्यच नव्हतं. दोन कोअर आले आणि वर्षानुवर्षं झोपलेली चूक जागी झाली. दुरुस्ती एका शब्दाची. प्रिंट काढून टाकल्या, तीच स्क्रिप्ट आठवडाभर फिरवली, बॉक्स थांबला नाही.

आता ‘कोड वाचा’ या सल्ल्याकडे परत येते. आम्ही वाचला होता, आणि तिघांनीही एका कोअरच्या सवयीने वाचला होता. आपल्या मनात जी वाट असते त्याच वाटेने आपण कोड वाचतो. डिबगर मात्र यंत्र ज्या वाटेने गेलं ती वाट दाखवतो. विचार तरीही मलाच करावा लागला. दोन कोअरच्या जागा समोर आल्यावर त्यांचा संबंध जोडायचं काम जीडीबीने केलेलं नाही. टूलरूममधल्या फिटरला डायल गेज दिला म्हणून त्याच्या हाताचा अंदाज बिघडतो, असं आजवर भोसरीत कुणी म्हटलेलं ऐकलं आहे? उलट डायल न लावता ‘बरोबर बसलंय’ म्हणणाऱ्याचा पार्ट परत येतो. मग ही मोजपट्टी सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात आली की आळसाची खूण का ठरते?

राहिला वॉचडॉग. तो हवाच. रस्त्यावरच्या गाडीत, चालू लाइनवर, यंत्राने स्वतःहून उठून उभं राहिलंच पाहिजे, यात माझा ज्येष्ठांशी मतभेद नाही. मतभेद आहे तो उठल्यानंतर काय करायचं यावर. यासाठी मंगळावरच्या एका यंत्राचा दाखला देते. नासाचं पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट होऊ लागलं. वॉचडॉग चोख काम करत होता. प्रत्येक रीसेटनंतर यान पुन्हा उभं राहत होतं, पण त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जात होतं. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या लोकांनी ‘उठतंय ना, मग झालं’ असं म्हटलं नाही. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर घटनांचा माग नोंदवायची सोय चालू करून त्यांनी तोच रीसेट पुन्हा घडवून आणला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसत होतं. मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती. आणि त्यांच्याहून महत्त्वाचं काम त्या कुलपापाशी ताटकळत वेळ चुकवत होतं. कुलपाची एक सेटिंग बदलली, तो बदल मंगळावर पाठवला, आणि रीसेट थांबले. या चमूचं नेतृत्व करणाऱ्या ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की असा रीसेट यान उतरण्याआधीही दिसला होता, पण पुन्हा घडवता न आल्याने माग सुटला होता. आणि तपासणीची सोय उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेली नव्हती, म्हणूनच दुरुस्ती शक्य झाली. आधी एकदा दिसून गेलेला तो रीसेट म्हणजे आमच्या रजिस्टरातली एका ओळीची नोंद.

आणि बंद-चालू नेहमी उपयोगी पडतं असंही नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यंत्र चालू करा, कर्नलमध्ये तीच फाइल वाचली जाते, यंत्र पुन्हा कोसळतं. चूक होती एका आकड्याची. एका बाजूने २१ नोंदींची अपेक्षा धरली होती, दुसरीकडून २० येत होत्या, आणि एकविसावी वाचायला गेलेला कोड हद्दीबाहेर गेला. ही चूक हजार वेळा रिस्टार्ट करून सापडली नसती.

सुरक्षेचा आक्षेप बैठकीत कुणीतरी ओझरता घेतला होता, तो रास्त आहे. डिबगरचा पोर्ट उघडा ठेवून गाडी रस्त्यावर सोडायची नाही. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या आवृत्तीत तो बंदच हवा. माझं म्हणणं बाकापुरतं, पायलट लॉटपुरतं आणि परत आलेल्या बोर्डांच्या तपासणीपुरतं आहे.

‘आपलं काम नाही’ या मुद्द्याचं मात्र एक उत्तर अजून बाकी आहे. कर्नल कोसळताना जो मजकूर येतो, त्यात ‘टेंटेड’ म्हणून काही अक्षरं असतात. त्यातलं ‘ओ’ हे अक्षर सांगतं की मूळ कर्नलच्या बाहेरचा, कुणीतरी स्वतः लिहिलेला मॉड्यूल यात घातलेला आहे. आपल्या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक बोर्डावर मी हा ‘ओ’ पाहिला आहे. कॅनचा ड्रायव्हर आपला, टॉर्क गनचा आपला, बारकोडचा आपला. हा मजकूर चिप विकणाऱ्यांकडे पाठवला की ते ‘ओ’वर बोट ठेवतात आणि म्हणतात, तुमचा मॉड्यूल काढून पाहा. त्यांचं बरोबर आहे. तळवड्यात किंवा चिंचवडला बसून लिहिलेल्या ओळींची चूक बंगळुरूत कोण शोधणार आणि का शोधावी?

साठच्या दशकापासून पिंपरी, आकुर्डी, भोसरीने धातूच्या बाबतीत एक शिस्त घाम गाळून कमावली. शाफ्टला शंभरावा भाग मिलिमीटर कमी पडला तर आठ पायऱ्यांचा एट-डी रिपोर्ट निघतो. सप्लायरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हजर असतो, आणि कारण सापडेपर्यंत तो लॉट पिवळ्या पट्टीच्या आत पडून राहतो. ‘पार्ट उलटा फिरवून बसवला, बसला, ओके’ असं उत्तर लिहिलं तर क्वालिटीवाले कागद तोंडावर फेकतील. गाडीत आणि लाइनवर आज पोलादावर जितका भरवसा आहे, जवळपास तितकाच आपण सॉफ्टवेअरवर टाकला आहे. आणि तिथे आपण आपलीच शिस्त गेटबाहेर ठेवून आत येतो. माझा राग ज्येष्ठांवर नाही, याच्यावर आहे. आपल्याला कारण शोधता येतं. पिढ्यान्‌पिढ्या शोधत आलो आहोत.

मागणं मोठं नाही. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची नावांसकटची पूर्ण कर्नल फाइल जपून ठेवा. ती नसेल तर कोसळलेल्या कर्नलने दिलेले पत्ते म्हणजे निव्वळ आकडे. मी दोनदा केवळ या एका फाइलीअभावी हात टेकले आहेत. फिल्डवरच्या बोर्डांत मेमरीचा एक तुकडा राखून ठेवा, वॉचडॉगने रीसेट केलं तरी न पुसला जाणारा. लिनक्समध्ये याची ‘रॅमऊप्स’ नावाची सोय तयार आहे. मरणाऱ्या कर्नलचे शेवटचे शब्द त्यात राहतात आणि पुन्हा चालू झाल्यावर वाचता येतात. मोठ्या यंत्रांवर मेमरीची पूर्ण प्रत काढणारा केडम्प आहे. आणि तीन पिना ठेवा. नव्या बोर्डाच्या आढाव्यात खर्च कमी करायचा म्हणून तो तीन पिनांचा हेडर काढलेला दिसला. पाऊण तास वाद घातला. शेवटी हेडर गेला, पण सोल्डर करता येतील असे तीन ठिपके राहिले. तेवढ्याने भागतं.

चाकणच्या रजिस्टरात ‘काय झालं’ आणि ‘काय केलं’ यांच्या मध्ये आता ‘पत्ता’ असा एक रकाना आखला आहे. पायलट लॉटच्या बॉक्सवर मेमरीत खूण भरण्याची सोय मुद्दाम चालू ठेवली आहे, आणि पुन्हा चालू झाल्यावर मागच्या मरणाचा पत्ता छोट्या स्क्रीनवर दिसतो. ऑपरेटरने तो फक्त उतरवून घ्यायचा. पहिले दोन आठवडे रकाना कोरा राहिला. मग बारकोडच्या बॉक्सवर तिसऱ्या शिफ्टमधल्या एका मुलाने पेन्सिलने आठ अक्षरं लिहिली: ६६६६६६६६. इंग्रजी लहान बी आणि सहा त्या स्क्रीनवर सारखेच दिसतात. मी ते वाचलं आणि त्याच दुपारी बारकोडचा दुसरा बॉक्स बाकावर मांडून केबल लावली.